जुनी ऐरण पारखतांना

गेल्या उन्हाळ्यांत आमचा एक माजी विद्यार्थी आमच्याकडे आला. वडिलोपार्जित लोहारकाम पुढें चालवावें असा त्याचा निश्चय. परंतु घरची ऐरण वांटणींत चुलत्यांकडे गेलेली. मजुरी करून सांठविलेल्या पैशांत एक जुनी ऐरण घ्यावी, व ती पारखण्यास आम्हीं सोबत यावें, अशी त्याची विनंती होती. शाळेच्या उद्योगशाळेंत आमचीं बरींच वर्षें लोखंडाच्या संगतींत गेलीं असल्यामुळें आम्हीं ती आनंदानें मान्य केली.

पुण्याच्या जुन्या बाजारांत दोन ऐरणी दिसल्या. एक काळ्या रंगानें चकचकीत केलेली, माथा आरशासारखा सपाट. दुसरी गंजलेली, कडा उडालेल्या, माथा मध्यभागीं किंचित् खोलगट. मुलाची नजर अर्थातच पहिलीवर खिळली. दुसरीकडे पाहून तो म्हणाला, “सर, ही तर पार फुटली आहे. हिच्या पोटांत आणि पायांत भोंकेंहि पडलीं आहेत!”

तीं भोंकें पाहून आम्हांस मात्र आनंद झाला. जुन्या विलायती ऐरणींचें अंग घडीव लोखंडाचें असे, आणि एवढा जड तापलेला गोळा घणाखालीं फिरवितां यावा म्हणून त्यांत पहार अडकविण्यास चौकोनी भोंकें ठेवीत. इंग्लंडांतील डडली येथील पीटर राइट यांच्या ऐरणी अशाच घडीव असत. घडीव लोखंड मऊ, म्हणून त्याच्या माथ्यावर सुमारें अर्धा इंच जाडीचा पोलादाचा पाट तापवून जोडीत व त्यास पाणी देत. ऐरणीचें सारें मोल या पाटांत असतें. उलट, सबंध बिडाची ओतलेली स्वस्त ऐरण हातोड्याचा मार गिळून टाकते. ती भंगाराच्या भावानेंहि महागच.

आतां कडांविषयीं. कडा कपची निघून उडाली असेल, तर पोलाद कठीण असल्याचीच ती साक्ष होय. मऊ धातूची कडा उडत नाहीं, दबून बाहेर फुगते. शिवाय धारदार कडेवर तापलेलें लोखंड वांकविल्यास त्यास आंतून चीर पडते, म्हणून जाणते लोहार नव्या ऐरणीच्याहि कडा मुद्दाम गोल करतात. माथ्याचा थोडासा खोलगटपणाहि वाईट नव्हे. वांकडी सळई सरळ करावयाची तर ती सरळपणाच्या किंचित् पलीकडे दाबावी लागते, व तेथें हा खळगाच उपयोगी पडतो. काम करावयास कडेचा हातभर नव्हे, वीतभर भाग चांगला असला तरी पुरतो.

खरी भीति न दिसणाऱ्या दोषांची. लहान हातोडीनें माथ्यावर बोटबोट अंतरानें ठोकीत जावें. निरोगी ऐरण घंटेसारखी वाजते. एखाद्याच ठिकाणीं आवाज बद्द आला, तर तेथें पाट अंगापासून सुटला आहे असें समजावें. (पोलादी माथा व बिडाचें अंग असलेल्या अमेरिकन फिशर ऐरणी मात्र मुळांतच मुक्या असतात, आवाजावरून त्यांस नाकारूं नये.) नंतर बेअरिंगचा पोलादी छर्रा दहा इंचांवरून सोडावा. सात-आठ इंच उसळला तर ऐरण उत्तम. पांचाच्या खालीं राहिला तर विचार करावा. टोंकाला किंवा चौकोनी भोंकाजवळ उसळी स्वभावतः कमी येते, म्हणून परीक्षा मध्यावर करावी.

आमची गंजलेली ऐरण खणखणीत वाजली आणि छर्रा पुरता आठ इंच उडाला. चकचकीत ऐरणीवर तो जेमतेम तीन इंच उठला. कुशीवरचा रंग खरवडला तेव्हां कारण कळलें: माथा सपाट दिसावा म्हणून कोणीं तरी तो यंत्रावर इतका तासला होता कीं पोलादाचा पाट नखाएवढाहि उरला नव्हता. एका कोपऱ्यांत लांबी भरलेली निघाली. आगींत सांपडलेल्या ऐरणीचेंहि असेंच होतें; पाणी उतरतें, आणि जी कानस कठीण पोलादावरून घसरावयाची ती माथ्यांत सहज रुतते.

उडालेल्या कडा वेल्डिंगनें भराव्या काय, असें मुलानें विचारलें. आम्हीं नको म्हटलें. सबंध ऐरण आधीं नीट तापविल्यावांचून तसें केल्यास जोडाशेजारीं चिरा पडतात, आणि थोडक्या लाभासाठीं शाबूत पाट गमावण्याची वेळ येते.

कुशीवर १·१·१० असे आंकडे होते. पहिला आंकडा ११२ पौंडांच्या हंड्रेडवेटांचा, दुसरा २८ पौंडांच्या चौथाईंचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे एकूण १५० पौंड, सुमारें ६८ किलो. विक्रेत्याच्या कांट्यावर ती ६७ भरली. पैसे वजनावर ठरले, व मुलाच्या खिशांत कोळशापुरती रक्कम शिल्लक राहिली. ऐरण आतां बाभळीच्या ओंडक्यावर बसली असून पावसाळ्यापूर्वीं तिच्यावर गांवांतील विळ्यांना धार लावून झाली. कडांना त्यानें अद्याप हात लावलेला नाहीं.