नाकाडोंगरीला जाताना अंगात काय घालावं?

उन्हाळ्यातला प्रवास : भाग ५

मे महिन्यात मुंबई-ठाण्याहून विदर्भात लग्नाला निघालेल्या माणसाची बॅग उघडून बघा. बिनबाह्यांचे टॉप, अंगाला चिकटून बसणारे टी-शर्ट, गुडघ्यापर्यंतच्या पँटी आणि हळदीसाठी मुद्दाम घेतलेला झिरझिरीत पांढरा कुर्ता. 'तिकडे फार गरम होतं म्हणे, म्हणून हलकेच कपडे घेतलेत!' मुंबईच्या उन्हाळ्यासाठी ही बॅग अगदी बरोबर आहे. तुमसर रोडला गाडीतून उतरून नाकाडोंगरीच्या एसटीत बसेपर्यंत मात्र तिचं काही खरं राहत नाही.

नाकाडोंगरी भंडारा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ आहे. जवळच डोंगरी बुजुर्गची मॉयल कंपनीची उघडी मँगनीज खाण आणि बावनथडीचं धरण. भोवती नाकाडोंगरी वनपरिक्षेत्राचं जंगल. जंगल म्हटलं की आपल्याला सावली आठवते. पण हे पानझडीचं जंगल. मेमध्ये साग उघडा पडलेला असतो, आणि रस्त्यावर सावली पडते ती बहुतेक विजेच्या खांबांचीच. या पट्ट्यात पारा ४४-४५च्या घरात जाणं ही बातमी नव्हे. नागपूरला २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले होते. हे आकडे सावलीतले, हे विसरू नये. हवामान खात्याचा तापमापक पांढऱ्या झडपांच्या पेटीत ठेवलेला असतो. आपण उभे असतो उन्हात.

मुंबईचं गणित इथे का लागू पडत नाही? आपल्या त्वचेचं तापमान साधारण ३५ अंश असतं. मुंबईत हवा ३३-३४ अंशांची, म्हणजे त्वचेपेक्षा थोडी का होईना गार. वारा लागला की अंगातली उष्णता तो घेऊन जातो, म्हणून तिथे जितकं उघडं तितकं बरं. नाकाडोंगरीला दुपारी वाहणारी हवा त्वचेपेक्षा नऊ-दहा अंशांनी जास्त तापलेली असते. ती अंगाला लागली की काही नेत नाही, उलट देऊन जाते. अशा वेळी शरीर गार करायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम वाळणं. एक लीटर घाम वाळला तर शरीरातून जवळजवळ २,४०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ही ताकद मोठी आहे, पण उघड्या अंगावर कोरडी लू लागली की घाम फुटल्या-फुटल्या उडून जातो आणि शरीरातलं पाणी भराभर संपतं. 'घामच येत नाही इथे' असं मुंबईकर पाहुणे कौतुकानं म्हणतात. येत असतो, दिसायला उरत नाही एवढंच. तेव्हा कपडा इथे त्वचा आणि तापलेला वारा यांच्यामधला पडदा म्हणून लागतो.

हे ज्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही अशा बाया याच जंगलात दरवर्षी दिसतात. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे अंधारातच पानं तोडायला निघायचं, ऊन चढायच्या आत गाठोडं डोक्यावर घेऊन परतायचं आणि मग घराच्या सावलीत पुडे बांधत बसायचं. त्यांचा पोशाख जरा जवळून बघा. खाली लुगडं किंवा साडी, आणि तिच्यावर नवऱ्याचा नाहीतर मुलाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट. तो शर्ट बाईच्या मापापेक्षा चांगला ऐसपैस असतो. मनगटाची बटणं लावलेली, गळ्याचं बटण लावलेलं, कॉलर उभी केलेली, शर्ट खोचलेला नाही. डोक्यावरून कान झाकत दुपट्टा घेतलेला, त्याचं टोक गळ्याशी आवळलेलं. या शर्टाचं सगळं श्रेय उन्हाला देऊ नये. काटेरी फांद्या, मुंग्या आणि अंगाला लागणारा चीक यांच्यासाठीही तो असतो. या बायांना ऊन बाधत नाही असंही नाही. ऊन लागून माणूस जातो, हे इथल्या घराघरांत ठाऊक आहे. पण उन्हाविरुद्धच्या कपड्यात जे-जे हवं असं आजचं शास्त्र सांगतं, ते या जुन्या शर्टात जवळजवळ सगळं आहे. त्यात एक खोट आहे, तिच्याकडे पुढे येतो.

उन्हाळ्याचे खरं तर दोन हल्ले असतात आणि त्यांच्या वेळा वेगळ्या असतात. पहिला हल्ला किरणांचा. नाकाडोंगरीला मेच्या अखेरीस सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो हाच, आणि तो बरोबर नवतपाच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांच्या, आसपास पडतो. तिथली खरी मध्यान्ह मुंबईपेक्षा लवकर, बारा वाजून पाच-दहा मिनिटांनीच होते. त्या वेळी अतिनील किरणांचा निर्देशांक जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ११च्या पुढे, म्हणजे 'अतितीव्र' पायरीवर असतो. दुसरा हल्ला हवेचा. तो तीन-चारच्या सुमारास टिपेला पोचतो, कारण जमीन तापून तिनं हवा तापवायला तेवढा वेळ लागतो. बारा वाजता त्वचा भाजते, चार वाजता शरीर शिजतं. दोन्हींसाठी कपडा एकच, पण त्याचे गुण निरनिराळे कामाला येतात. किरणांना अडवते ती वीण, तर हवेशी झुंजतो तो सैलपणा आणि सुताची घाम पिण्याची शक्ती.

आधी विणीचं बघू. अतिनील किरण कपड्यातून आत येतात ते मुख्यतः धाग्यांमधल्या भोकांतून. म्हणून मलमलीचा झिरझिरीत कुर्ता वाऱ्याला कितीही सुखाचा असला तरी किरणांपुढे चाळणीसारखा. कपड्याच्या किरण अडवण्याच्या गुणाला यूपीएफ म्हणतात. त्याची मोजणी प्रमाण करण्यात पुढाकार घेतला तो ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडनं, १९९६ साली. यूपीएफ ५० म्हणजे पन्नासांतला एकच भाग किरण आत जातात. साध्या पातळ पांढऱ्या सुती टी-शर्टाचा यूपीएफ ५ ते ७च्या आसपास असतो, आणि तोच घामानं भिजला की ३-४वर येतो. जीन्सचं कापड पन्नासच्या कितीतरी पुढे जातं, पण ४५ अंशांत जीन्स घालणाऱ्याला यूपीएफ वाचवणार नाही.

मधला रस्ता पॉपलीन किंवा केंब्रिकच्या जातीचा, म्हणजे बारीक सुताचं पण दाट विणलेलं कापड. दुकानात पारख करायची सोपी रीत आहे. कापड हातावर ताणून धरायचं नाही, नुसतं पसरायचं आणि खालून मोबाइलचा टॉर्च लावायचा. बोटांच्या कडा स्पष्ट दिसल्या तर ते कापड बैठकीच्या खोलीसाठी ठेवा. ही परीक्षा दिसणाऱ्या उजेडाची आहे, अतिनीलची नव्हे, पण वीण किती दाट हे तिच्यातून नक्की कळतं. बिनधुवट, कोऱ्या रंगाचं सुती कापड पांढऱ्याशुभ्र कापडापेक्षा किरण जास्त अडवतं. कापसात निसर्गतः असलेली द्रव्यं विरंजनात निघून जातात. आपल्या आज्यांचं मांजरपाट या एका बाबतीत आजच्या शुभ्र लखनवी कुर्त्यापेक्षा सरस ठरावं, ही मला मोठी मजेची गोष्ट वाटते. भंडारा जिल्ह्याचं नाव आंधळगावच्या करवती किनारीच्या टसरशी जोडलेलं आहे. पण टसर लग्नात मिरवायचं, एसटीच्या खिडकीशी बसायला सुतीच बरं.

तेंदूवाल्या बायांच्या शर्टातली खोट इथेच आहे. वर्षानुवर्षं धुतलेला शर्ट कोपर, खांदे आणि पाठ यांवर विरतो, आणि मध्यान्हीचं ऊन नेमकं खांद्यांवर आणि पाठीवर पडतं. आपण जुना शर्ट प्रवासासाठी बाजूला काढणार असू तर आधी खांद्यापाशी उजेडात धरून बघावा.

रंगाबद्दल प्रत्येक घरात एक तज्ज्ञ असतो आणि तो 'पांढराच घाल' म्हणतो. उष्णतेपुरतं ते खरं आहे. पांढरा रंग ऊन परतवतो. पण त्याच विणीचं रंगीत कापड अतिनील किरण जास्त शोषतं, म्हणजे त्वचेपर्यंत कमी पोचू देतं. मग काळा घालायचा का? यावर एक छान प्रयोग झालेला आहे. वाळवंटातले बदाऊनी काळे झगे का घालतात, या प्रश्नावर श्कोल्निक, टेलर, फिंच आणि बोरूत या संशोधकांचा लेख १९८० साली 'नेचर'मध्ये आला होता. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, पण ती जास्तीची उष्णता झग्याच्या सैलपणामुळे हवेतच विरून जाते आणि अंगापर्यंत दोन्ही झग्यांतून सारखीच उष्णता पोचते, असं त्यांना आढळलं. यातून काळा घाला असा निष्कर्ष काढायची गरज नाही. कपडा सैल असला की रंगाचा जाच कमी होतो, एवढं घ्यावं. घट्ट काळा टी-शर्ट हा मात्र सर्वांत वाईट सौदा. बदामी, फिका निळा, हलका खाकी असे मधले रंग मला पसंत. धुळीच्या रस्त्यावर ते मळकेही दिसत नाहीत.

सैलपणाचं काम दुहेरी आहे. कपडा आणि अंग यांच्यामध्ये हवेचा थर राहतो, आणि चालताना तो थर हलत राहतो, त्यामुळे घाम बेतानं वाळतो. ताणलेल्या कापडाची वीण मात्र उघडते. रस्त्याकडेला मिळणाऱ्या, हाताला घट्ट बसणाऱ्या लायक्राच्या बाह्यांबद्दल माझं मत म्हणूनच फारसं चांगलं नाही. दुचाकीवर त्या सोयीच्या असतात आणि काहीच नसण्यापेक्षा बऱ्या, पण पुण्या-नागपुरातल्या मुली स्कूटरवर घालतात तो सुती सनकोट त्यांच्यापेक्षा कितीतरी शहाणा आहे.

आता सुताचा प्रश्न. डोंगर चढणारी मंडळी सुती कपड्यांना नाक मुरडतात, आणि त्यांचं बरोबर आहे. कापूस त्याच्या वजनाच्या आठ-साडेआठ टक्के ओल सहज धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. सह्याद्रीतल्या दमट हवेत भिजलेला सुती शर्ट वाळता वाळत नाही. पण विदर्भाच्या मेमध्ये कापसाचा हाच दोष गुण होतो. घाम सुतात पसरतो, कोरड्या हवेत वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. ऑनलाइन मिळणाऱ्या 'यूपीएफ ५०+' जाकिटांचं कापड बहुधा पॉलिस्टर असतं. किरण ती उत्तम अडवतात, यात शंका नाही. घ्यायचीच तर एक माप मोठी घ्या, कारण हवा खेळेल की नाही हे लेबल सांगत नाही.

दुपट्ट्याला मात्र तोड नाही. विदर्भात पुरुषाच्या खांद्यावरचा दुपट्टा ही उन्हाळ्यातली पहिली गरज. कानाला वारा लागू द्यायचा नाही, हा तिथल्या म्हाताऱ्यांचा दंडक. टोपीनं कान आणि मान उघडी राहतात, दुपट्ट्यानं नाही. तो दुहेरी घडी करून बांधावा, यामागे साधा हिशेब आहे. एका थरातून सहावा हिस्सा किरण आत येत असतील, तर दोन थरांतून साधारण सहाव्याचा सहावा, म्हणजे छत्तिसावा. ओला करून बांधला की तो डोक्यावरचा कूलरच. कूलरच्या ताट्यांवर पाणी सोडल्यावर जे होतं तेच इथे होतं, आणि हवा कोरडी म्हणूनच ते होतं. ओल्या कापडातून किरण जास्त आत येतात, म्हणून ओला दुपट्टा तर दुहेरीच हवा. मोटारसायकलवर तो दहा-पंधरा मिनिटांत खडखडीत वाळतो, तेव्हा सोबत पाण्याची एक बाटली निव्वळ दुपट्ट्यासाठी ठेवणारी माणसं मला फार समजूतदार वाटतात. ऊन लागू नये म्हणून खिशात ठेवतात त्या कांद्याबद्दल मी काही बोलत नाही; तो खिसा पूर्ण बाह्यांच्या शर्टाला असला म्हणजे झालं.

एसटीतलं एक. तुमसरहून नाकाडोंगरीकडे गाडी साधारण उत्तरेला जाते, म्हणजे सकाळी डावी बाजू सावलीची आणि दुपारनंतर उजवी. खिडकीची काच त्वचा भाजणारे यूव्ही-बी, म्हणजे अतिनीलमधले 'बी' जातीचे किरण, बरेचसे अडवते. 'ए' जातीचे मात्र बरेच आत येतात. काच बंद आहे म्हणून बाह्या वर करू नका. आणि काच उघडी असेल तर लू थेट चेहऱ्यावर येते, तेव्हा दुपट्टा नाकावरून घ्या.

किती जोड न्यायचे? दोन पुरतात. रात्री धुतलेला सुती शर्ट तिथे झोपायच्या आतच वाळतो. खळ देऊ नका. कडक कुर्ता फोटोत चांगला दिसतो, पण घाम टिपत नाही. आणि नवा शर्ट घेतला असेल तर निघायच्या आधी दोन-तीनदा धुऊन टाका. नवं सुती कापड धुतल्यावर आटतं, धागे जवळ येतात आणि वीण दाट होते, म्हणजे कपडा फुकटात सुधारतो. तो आटणार हे धरून माप मात्र दुकानातच एक मोठं घ्या. पायांचा विचार पुढच्या भागात.