झाडांच्या जनुकीय खुणा
नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचा जीनोम (संपूर्ण डीएनए) सुमारे 20 अब्ज अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या जीनोमच्या सहापट मोठा. त्याचा वाचलेला क्रम 2013मध्ये प्रसिद्ध झाला. पण प्रत्येक वृक्षजातीसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. म्हणून संशोधक पानांतून किंवा कोंबांतून आरएनए काढून त्याचाच क्रम वाचतात. आरएनए म्हणजे त्या वेळी कार्यरत असलेल्या जनुकांच्या नकला. त्यांत 'एजीएजीएजी' अशी, दोन ते सहा अक्षरांच्या तुकड्यांची पुनरावृत्ती शोधतात. ती किती वेळा होते हे झाडागणिक बदलते; डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती करणाऱ्या पीसीआर तंत्राने तो फरक पकडता येतो. म्हणून अशा पुनरावृत्ती जनुकीय खुणा म्हणून वापरतात. या खुणा जनुकांतच असल्याने जवळच्या जातींतही बहुधा चालतात. मात्र जीनोमच्या इतर भागांतील खुणांपेक्षा त्यांत विविधता सहसा कमी असते. रोपाचे पालक ओळखणे, जंगलातील जनुकीय वैविध्य मोजणे आणि बियाण्यासाठी झाडे निवडणे या कामांत त्या उपयोगी पडतात.