उद्योजकतेचे शिक्षण आणि ग्रामजीवन : पाबळच्या प्रयोगाचा विचार

तरुणांना उद्योग करावयास शिकविण्यासंबंधी दोन समजुती रूढ आहेत. कसब दिले की उद्योग आपोआप उभा राहतो, ही पहिली. भांडवल मिळाले की कार्यभाग साधतो, ही दुसरी. दोहोंतही गिऱ्हाइकाचा, म्हणजेच ज्या समाजाची गरज भागवावयाची त्याचा, विचार राहून जातो.

१९३७ मध्ये गांधीजींनी वर्धा येथे मांडलेल्या योजनेत हस्तोद्योग हे शिक्षणाचे केंद्र होते, आणि विद्यार्थ्यांच्या उत्पादनातून शिक्षकाचे वेतन निघावे, अशी अपेक्षा होती. परंतु विक्रीचा भार शासनावर सोपविल्यामुळे विद्यार्थी व गिऱ्हाईक यांची गाठ पडण्याचे कारणच उरले नाही.

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ या अवर्षणप्रवण गावी विज्ञान आश्रम स्थापिला, तो नेमका हा दुवा सांधतो. शाळा सुटलेल्या मुलामुलींसाठी येथे एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही त्याची चार अंगे होत. शिक्षणाचे माध्यम म्हणजे गावाला मोबदला घेऊन दिलेली प्रत्यक्ष सेवा.

मोबदल्याला येथे शैक्षणिक मूल्य आहे. लोखंडी फाटक करून द्यावयाचे, तर सामान, मजुरी, वीज व यंत्रांचा घसारा यांचा अंदाज आधी बांधावा लागतो. तो चुकला की तोटा वहीत दिसतो आणि सांधा निसटला की गिऱ्हाईक परत येते. परीक्षेतील गुणांपेक्षा ही कसोटी कठोर, पण अधिक प्रामाणिक आहे. अनेक कसबे एकत्र शिकविण्यामागेही अर्थशास्त्रीय कारण दिसते. लहान गावात एकाच कामाला बारमाही मागणी नसते.

तथापि एक प्रश्न उरतो. चाकण व रांजणगाव येथील कारखाने पाबळपासून दूर नाहीत. कुशल तरुणाला तेथील नियमित वेतन खुणावणारच, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येणार नाही. मात्र सारेच निघून गेले, तर शिक्षणाचा लाभ व्यक्तीला होईल, गावाला नव्हे. उलट सर्वांनी गावातच एकसारखी दुकाने थाटली, तर तीच तुटपुंजी मागणी वाटली जाईल.

म्हणून अशा शिक्षणाचे यश निघालेल्या उद्योगांच्या संख्येवरून ठरवू नये. गाव कोणत्या वस्तू व सेवा बाहेरून विकत घेते आणि त्यांपैकी कोणत्या तेथील तरुण पुरवू शकतील, याची पाहणी आधी व्हावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक गाव घेऊन ही नोंद केली, तर अभ्यासक्रमाला भक्कम पाया मिळेल.