कांद्याच्या कंटेनरवरचे ४० टक्के कोण भरणार?



टॅरिफ म्हटलं की आपल्याला अमेरिकाच आठवते. पण शुल्काचा फटका काय असतो ते नाशिकच्या कांदा निर्यातदाराला विचारा. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, तेही ताबडतोब लागू. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याच्या खाली विकायचंच नाही. ८ डिसेंबरला थेट बंदी! मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क पूर्ण हटायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

आता समजा, दुबईच्या ग्राहकाशी तुमचा सौदा एफओबी मुंबई, १० लाखांना पक्का झालाय आणि दुसऱ्या दिवशी शुल्क लागलं. हे ४ लाख कोणाचे?

तुमचे. एफओबी म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च, जोखीम आणि निर्यातीचे सगळे सोपस्कार विकणाऱ्याकडे. निर्यात शुल्कही त्यातच आलं. तिकडचं आयात शुल्क मात्र ग्राहक भरतो. म्हणून करारात एक ओळ घालून घ्याच: सौद्यानंतर सरकारने नवं शुल्क लावलं तर ते कोण सोसणार. ग्राहक कुरकुर करेल, करू द्या.

‘मग सीआयएफ करू का?’ त्याने हा प्रश्न सुटत नाही. सीआयएफमध्ये भाडं आणि विमा तुम्ही भरता, पण जोखीम जहाजावर माल चढला की ग्राहकाकडे जाते. दुबईला पोहोचल्यावर नाही! इथे भलेभले फसतात.

आता ‘मोस्ट फेव्हर्ड नेशन’. नाव लाडक्या जावयासारखं, पण अर्थ उलटा: जागतिक व्यापार संघटनेच्या सदस्यांना एकच दर, कोणाचे जास्त लाड नाहीत. त्याहून कमी दर हवा तर सहसा दोन देशांत करार लागतो. यूएईसोबतचा आपला करार १ मे २०२२ पासून लागू आहे. पण सवलत आपोआप मिळत नाही, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन जोडावं लागतं. आणि चीनचा माल भिवंडीत नुसता नव्या खोक्यात भरला म्हणून तो भारतीय होत नाही, बरं का.

हे सगळं ठरतं एचएस कोडवर. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपापले. आपल्याकडे एकूण आठ. ताजा कांदा ०७०३१०, वाळवलेला कांदा ०७१२२०. कांदा तोच, पण कोड बदलला की दर आणि नियमही बदलू शकतात. त्यामुळे भाव सांगण्याआधी ग्राहकाला विचारा, ‘तुमच्याकडे हा माल कोणत्या कोडखाली येतो?’ त्याचं उत्तर ईमेलवर लेखी घ्या आणि तुमच्या सीएचएला दाखवा. फोनवरचं ‘हो हो, तोच कोड’ कस्टम्समध्ये चालत नाही.