रस्टची खानेसुमारी

रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा कोणीही फुकट उतरवून घेऊ शकतो. नाव नोंदवावं लागत नाही, पावती फाटत नाही. मग ती वापरतं कोण, अडतं कुठे आणि अर्ध्यावर सोडून कोण गेलं, हे तिच्या कर्त्यांना कळावं कसं? लोकांनाच विचारायचं. ग्रेडन होअर यांनी 2006च्या सुमारास फावल्या वेळात सुरू केलेली आणि पुढे मोझिलाने पोसलेली ही भाषा 15 मे 2015 रोजी 1.0 झाली, आणि वर्षभरातच पहिली पाहणी निघाली.

त्या पाहणीला 3,086 उत्तरं आली. त्यांतले 1,104 जण रस्ट वापरतच नव्हते! मला या प्रकारातली खरी अक्कल इथेच दिसते. नांदणाऱ्यांना खुशाली सगळेच विचारतात. इथे उंबऱ्याबाहेर थांबलेल्यांनाही ‘आत का येत नाही?’ असं विचारलं गेलं. उत्तरं रोखठोक होती: शिकायला अवघड, एडिटरची साथ नाही.

अवघडपणाचं मूळ ‘बॉरो चेकर’मध्ये होतं. मेमरीतला कोणता भाग कोणाच्या मालकीचा आणि तो कोणी किती वेळ उसना घेतला, हे कंपाइलरचा हा भाग तपासतो. रस्टची सगळी मिजास त्याच्यावरच. पण सुरुवातीला तो उसनवारी कंसाच्या शेवटापर्यंत चालू धरायचा, त्यामुळे निर्दोष कोडही नाकारायचा. 2017चा आराखडा आखताना पाहणीतल्या तक्रारी समोर होत्या; शिकणं सोपं करणं आणि एडिटरची साथ ही त्यातली ठळक उद्दिष्टं. डिसेंबर 2018च्या 1.31 आवृत्तीपासून उसनवारी शेवटच्या वापरापर्यंतच मोजली जाऊ लागली.

सगळ्याच तक्रारी अशा मिटल्या नाहीत. कंपाइल व्हायला लागणारा वेळ हे दरवर्षीचं रडगाणं आहे. 2025 मध्ये तर तेवढ्याच विषयावर वेगळी पाहणी घेतली, आणि 3,700हून अधिक लोकांनी ती भरली.

आता आकड्यांबद्दल. 2023 मध्ये 9,710 जणांनी प्रश्नावली पूर्ण भरली, 2024 मध्ये 7,310. म्हणजे वापरणारे घटले? तसं मुळीच म्हणता येत नाही. एकूण किती हेच माहीत नसताना घट कशातून मोजणार? शिवाय भरणारे आपणहून येतात. ज्याला भाषेचं प्रेम किंवा राग आहे तोच बसून एवढे प्रश्न सोडवतो. कारखान्यात मुकाट काम करणारा, इंग्रजी वाचायचा कंटाळा असलेला, या जाळ्यात क्वचितच सापडतो. देशवार यादीत अमेरिका आणि जर्मनी वर असतात, तेही याच चष्म्यातून पाहायला हवं. टक्केवारी म्हणूनच सैल हातानं धरावी. तक्रारी मात्र घट्ट.

अलीकडे ही पाहणी वर्षअखेरीस निघते. पुण्या-बंगळुरूत बसून रस्ट लिहीत असाल तर जरूर भरा. आठवडाभरात वैतागून सोडून दिलं असेल, तर नक्कीच भरा.