वासराचे जन्मवजन : वारसा किती, पोषण किती?

गाय व्याली की सर्वांचे लक्ष प्रथम जाते ते कालवड झाली की गोऱ्हा याकडे. वासराचे वजन मात्र क्वचितच केले जाते. वास्तविक, त्याच्या भवितव्याची ती पहिली नोंद होय. फार कमी वजनाचे वासरू अशक्त राहून दगावण्याचा धोका असतो. उलट, लहान चणीच्या गायीच्या पोटी मोठे वासरू वाढल्यास ती अडते व दोघांचाही जीव धोक्यात येतो. होल्स्टीन फ्रिजियन वासरू जन्मतः सुमारे ४० किलो भरते, तर जर्सीचे सुमारे २५ किलो. म्हणूनच कृत्रिम रेतनासाठी, विशेषतः पहिलारू गायीकरिता, वळूची निवड विचारपूर्वक करावी लागते.

परंतु वजन केवळ वळूवर अवलंबून नसते. वॉल्टन व हॅमंड या शास्त्रज्ञांनी १९३८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात थोराड शायर घोडे व ठेंगणी शेटलंड तट्टे यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला होता. शिंगरांचा वारसा जवळजवळ सारखाच होता. तरीही शायर घोडीची शिंगरे शेटलंड घोडीच्या शिंगरांच्या सुमारे तिप्पट वजनाची निघाली. मातेच्या उदराचा प्रभाव एवढा मोठा असतो.

मग वारशाचा वाटा निराळा कसा काढावा? एकाच वळूची, निरनिराळ्या गायींना झालेली वासरे ही सावत्र भावंडे होत. त्यांच्यात सरासरी एक चतुर्थांश वारसा समान असतो. अनेक वळूंच्या वासरांची वजने घेऊन, लिंग, गायीचे वेत, ऋतू व कळप यांमुळे पडणारा फरक प्रथम वजा करतात. उरलेल्या तफावतीपैकी, समजा, ८ टक्के वळूंमुळे आढळली, तर तिची चौपट, म्हणजे ३२ टक्के, तफावत आनुवंशिक मानतात. यालाच ०.३२ आनुवंशिकता-गुणांक म्हणतात. याचा अर्थ ३० किलोच्या वासरातील अमुक किलो वारशाचे, असा नव्हे. हा गुणांक कळपातील फरकांविषयी बोलतो, एकेका वासराविषयी नाही.

जन्मवजनाचा हा गुणांक सामान्यतः मध्यम आढळतो. म्हणजेच वळूची निवड उपयोगी पडते. पण गाभण गायीच्या चाऱ्याची हयगय त्याने भरून निघत नाही.

हे सारे गणित अखेर गोठ्यातील नोंदीवर उभे असते. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत घेतलेले वजन, रेतनाच्या कांडीवरील वळूचा क्रमांक, गायीच्या कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, वेत व तारीख एवढे लिहून ठेवणे कोणत्याही पशुपालकास शक्य आहे. वळूचा क्रमांक चुकला, तर पुढील सारा हिशेब चुकतो. पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी गावात ही सवय रुजविली, तर योग्य गायीसाठी योग्य वळू निवडणे पशुवैद्यकास सुकर होईल आणि अडणाऱ्या गायींची संख्याही घटेल.