विसरलेला परवलीचा शब्द

चंद्रपूरच्या परकोटाला चार वेशी आणि पाच खिडक्या आहेत, हे येथील श्रोत्यांना मी सांगावयास नको. वेशी मोठ्या, खिडक्या लहान. त्यांपैकी एकीचे नाव तर चोर खिडकी असेच पडले आहे. माणसाने केलेल्या बहुतेक बंदोबस्ताची तऱ्हा अशीच असते. मुख्य दरवाजा बंद झाला तरी कोठेतरी एखादी खिडकी असते आणि ती कोणाला तरी ठाऊक असते. बँकेच्या लॉकरची किल्ली हरवली तर अर्ज करावा, खर्च भरावा. बँक तो फोडून देते. एटीएमचा आकडा विसरला तर नवा मिळतो. आज ज्या पेटीविषयी बोलावयाचे आहे तिला मात्र खिडकी नाही, आणि ती मुद्दामच ठेवलेली नाही.

ही पेटी आभासी चलनाची. बिटकॉइन हे त्यातले पहिले आणि सर्वांत प्रसिद्ध. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली त्याचा आराखडा प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. हे चलन घ्यावे की घेऊ नये, हा माझा विषय नव्हे. मला विचाराल तर मुलीच्या लग्नाचा किंवा निवृत्तीचा पैसा त्यात घालू नये, असे मी म्हणेन. परंतु ज्यांनी घातला आहे, आणि आता परवलीचा शब्द आठवत नाही म्हणून ज्यांची झोप उडाली आहे, त्यांना उपदेश उपयोगाचा नाही. त्यांना उपाय हवा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या चलनाच्या ‘पाकिटा’त पैसे नसतात. हे चलन म्हणजे एका प्रचंड वहीतील नोंदी होत. ती वही जगभरच्या हजारो संगणकांवर एकसारखी ठेवलेली असते आणि ती कोणालाही वाचता येते. आपल्या सातबाऱ्याशी तुलना करून पाहा. जमीन कपाटात नसते; उतारा हरवला म्हणून जमीन जात नाही; तलाठ्याच्या दप्तरात नोंद असते, आणि मालक वारला तर वारसनोंद होऊन फेरफार होतो. बिटकॉइनच्या वहीतही नोंद अशीच कायम असते. फरक एवढाच की येथे तलाठी नाही. फेरफार करावयाचा तर एका गुप्त संख्येने सही करावी लागते, आणि ती संख्या ज्याच्यापाशी आहे तोच वहीच्या दृष्टीने मालक. मालकाचे नाव, गाव, आधार क्रमांक यांतले काही त्या वहीला ठाऊक नसते. पाकीट म्हणजे ती गुप्त संख्या सांभाळणारी डबी, एवढेच.

ही संख्या फार मोठी, दशमान पद्धतीने लिहिली तर सुमारे ७७ आकडी असते. ती कोण लक्षात ठेवणार? म्हणून अनेक पाकिटांत ती बारा किंवा चोवीस साध्या इंग्रजी शब्दांतून तयार होते. हे शब्द २,०४८ शब्दांच्या एका ठरावीक यादीतून यदृच्छया निवडलेले असतात. संगणक ते एकदा दाखवितो आणि म्हणतो, लिहून ठेवा. बहुतेक लोक मोबाईलवर त्याचे छायाचित्र काढतात, किंवा ‘मागाहून लिहू’ म्हणून पुढे जातात. तेथेच दुर्दैवाची सुरुवात होते.

तेव्हा कोणी घाबरून विचारावयास आला की, ‘पासवर्ड विसरलो’, तर पहिला उलट प्रश्न करावा: कोणता? कारण या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. नाणी एखाद्या विनिमय कंपनीच्या खात्यात असतील, तर किल्ली कंपनीपाशी आहे. येथे तलाठी आहे असे समजा. ओळखीची कागदपत्रे दाखविली की खाते पुन्हा उघडते. फार तर चार दिवस हेलपाटे. (किल्ली दुसऱ्याच्या हाती असण्याचा धोका निराळा. मुंबईच्या वझीरएक्स या कंपनीच्या तिजोरीतून १८ जुलै २०२४ रोजी सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी चोरीस गेली, तेव्हा ग्राहकांना आपापले पासवर्ड उत्तम आठवत होते.) दुसरा प्रकार, मोबाईल किंवा संगणकातील पाकिटाचा पासवर्ड विसरला, पण बारा शब्दांचा कागद शाबूत आहे. मग चिंताच नको. तो पासवर्ड फक्त त्या डबीचा. कागदावरचे शब्द दुसऱ्या डबीत घातले की संख्या पुन्हा तयार होते. तिसरा प्रकार खरा कठीण: पासवर्ड आठवत नाही आणि कागदही सापडत नाही, किंवा अपुरा सापडतो.

कागद अपुरा असेल तर निराश होण्याचे कारण नाही, हे मला विशेष सांगावयाचे आहे. आमच्या भागात कागदाला दोन शत्रू, वाळवी आणि ओल. समजा बारांपैकी एक शब्द वाळवीने खाल्ला. तर त्या जागी २,०४८ शब्दच असू शकतात. शिवाय शेवटच्या शब्दात पडताळ्याचा अंश मिसळलेला असतो, त्यामुळे सोळा जुळण्यांतील पंधरा आपोआप बाद होतात. उरतात सुमारे १२८. हे काम संगणकाला पापणी लवण्याइतके. एखाद्या शब्दाचे अर्धेच अक्षर वाचता येत असेल तरी भागते, कारण यादीतील प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येईल असाच निवडला आहे. बाराही शब्द आहेत पण क्रम विसरला, तर एकंदर ४७,९०,०१,६०० क्रम होतात. पडताळ्यानंतर सुमारे तीन कोटी उरतात. तेही घरच्या संगणकाच्या आवाक्यातले आहे. पण बाराही शब्द गेले तर? एका सेकंदाला एक कोटी कोटी जुळण्या तपासणारे यंत्र आणले, तरी सर्व जुळण्यांना विश्वाच्या आजवरच्या वयाच्या सुमारे ७८ लक्ष पट काळ लागेल. या संख्येपुढे श्रीमंतीही चालत नाही.

शब्दांचा कागद नाही, पण जुन्या संगणकावर पाकिटाची फाईल आहे आणि तिचा पासवर्ड अंधुक आठवतो आहे, ही या सर्वांतली अधिक रंजक अवस्था होय. येथे शोध विश्वाचा नसतो, माणसाचा असतो. आपण पासवर्ड करतो तेव्हा आपली कल्पना करतो तितके चतुर नसतो. गावाचे नाव, मुलाचे नाव, जन्मसाल, शेवटी एखादे चिन्ह. वर्षानुवर्षे तोच साचा. म्हणून पहिल्या दिवशी संगणकाला हात लावू नये. वही घेऊन बसावे आणि त्या काळी वापरलेले सगळे शब्द लिहून काढावेत. मराठी माणसाला येथे एक खास अडचण आहे. आपण मराठी शब्द रोमन अक्षरांत लिहितो आणि त्याला नियम नाही. ‘झ’साठी कोणी एक अक्षर घालतो, कोणी दोन, दीर्घ ‘ई’ कोणी एका अक्षराने लिहितो, कोणी जोडीने. गावाचे नाव म्हणावे तर कोणाच्या बोटांवर चंद्रपूर, कोणाच्या चांदा. कोणी बल्लारपूर लिहील, कोणी रेल्वे स्टेशनच्या सवयीने बल्लारशाह. ही सर्व रूपे यादीत आली पाहिजेत. कळफलक त्या वेळी देवनागरीवर होता काय, मोठ्या अक्षरांची कळ दाबलेली होती काय, हेही आठवावे.

अशी वीस नावे, प्रत्येकाची तीन रूपे, साठ सालांपैकी एक साल आणि दहा चिन्हांपैकी एक चिन्ह धरले तर ३६,००० जुळण्या होतात. या फायली मुद्दामच अशा केलेल्या असतात की प्रत्येक प्रयत्नाला संगणकाला पुष्कळ गणित करावे लागावे. तरीही सेकंदाला दहा प्रयत्न झाले तर सगळी यादी एका तासात संपते. यासाठी बीटीसी-रिकव्हर नावाची संगणक-आज्ञावली मोफत मिळते. उलट, पासवर्ड यंत्राने यदृच्छया केलेला, अक्षरे व अंक मिळून बारांचा असेल, तर सेकंदाला दहा लक्ष प्रयत्नांनीही सुमारे दहा कोटी वर्षे लागतील. म्हणजे जो चांगला पासवर्ड, तो विसरला असता वाईट.

एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. युरोपातील एका गृहस्थांनी २०१३ साली ४३.६ बिटकॉइन घेतले आणि पासवर्ड रोबोफॉर्म नावाच्या आज्ञावलीकडून वीस अक्षरी करून घेतला. तो जेथे जपून ठेवला होता ती फाईलच बिघडली. जो ग्रँड हा अमेरिकन विद्युत्-अभियंता आणि त्याचा एक सहकारी यांनी ते काम घेतले. त्यांच्या असे ध्यानात आले की त्या काळची ती आज्ञावली पासवर्ड ‘यदृच्छया’ करीत नव्हतीच. संगणकाच्या घड्याळावरून करीत होती. म्हणजे वेळ कळली की पासवर्ड कळला. मग मालकाला विचारण्यात आले की पासवर्ड केव्हा केला आणि त्यात चिन्हे होती काय. मालकाच्या आठवणीवर विसंबून शोध केला तो फसला. अखेर चिन्हे वगळून आणि तारखांची मर्यादा वाढवून पाहिल्यावर १५ मे २०१३ ची दुपार सापडली. पासवर्डात एकही चिन्ह नव्हते. हे २०२३ च्या नोव्हेंबरात घडले. घड्याळाने खरे सांगितले आणि स्मृतीने खोटे. म्हणून आठवणीला पुरावा मानू नये, सुगावा मानावे.

काही खबरदारी मात्र अगदी पहिल्या तासात घ्यावी लागते. अ‍ॅप काढून टाकू नये, मोबाईल कोरा करू नये, जुना संगणक भंगारवाल्याला देऊ नये. फाईलच्या दोन प्रती करून प्रयोग प्रतीवरच करावेत. किल्ली ठेवण्याची काही उपकरणे ठरावीक चुकांनंतर स्वतःला पुसून टाकतात. तेथे अंदाजाने बोटे चालविणे घातक होय. स्टेफान थॉमस या संगणकतज्ज्ञाची ७,००२ बिटकॉइनची किल्ली अशाच एका उपकरणात अडकली. दहा संधी होत्या. जानेवारी २०२१ मध्ये ही हकीकत जगापुढे आली तेव्हा आठ संपल्या होत्या.

आता मांत्रिकांविषयी. आपल्याकडे गुप्तधन काढून देणारे लोक पूर्वीपासून आहेत, आणि त्यासाठी चालणारे अघोरी प्रकार २०१३ च्या कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा ठरले. आभासी चलनाचे मांत्रिक इंग्रजी बोलतात, एवढाच फरक. ‘तुमचे पाकीट उघडून देतो, आधी शुल्क पाठवा’, असे म्हणणारा, किंवा ‘पडताळणीसाठी बारा शब्द सांगा’ असे म्हणणारा, यांच्या वाऱ्यालाही उभे राहू नये. शब्द सांगणे म्हणजे सही केलेला कोरा धनादेश देणे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर विलंब न लावता तक्रार करावी. पहिले काही तास मोलाचे असतात.

खरा तज्ज्ञ तरी विश्वासाचा असतो काय? पुण्याचे उदाहरण डोळ्यांत अंजन घालणारे आहे. गेनबिटकॉइन नावाच्या योजनेत असंख्य लोकांचे पैसे बुडाले आणि २०१८ साली पुणे पोलिसांनी गुन्हे दाखल केले. जप्त पाकिटे उघडण्याच्या कामी पोलिसांनी बाहेरून तज्ज्ञ बोलाविले. त्यांपैकी दोघांनीच त्या नाण्यांचा अपहार केल्याचा आरोप ठेवून मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी त्यांना अटक केली. त्याच महिन्यात, २८ मार्चला, सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणातील एका आरोपीला पाकिटाचे नाव आणि पासवर्ड सक्तवसुली संचालनालयाला सांगण्याचा आदेश दिला. योजनेचा मुख्य सूत्रधार म्हटला गेलेला इसम त्यापूर्वीच, जानेवारीत, मरण पावला होता. देशाचे सर्वोच्च न्यायालय जमीन जप्त करू शकते, बँकेचे खाते गोठवू शकते. येथे त्यालाही माणसाकडून शब्दच मागावा लागला.

मृत्यू हा विस्मरणाचाच शेवटचा प्रकार म्हणावयाचा. क्वाड्रिगा या कॅनेडियन विनिमय कंपनीचा तरुण चालक डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या जयपुरात वारला. किल्ल्या त्याच्याबरोबर गेल्या, असे ग्राहकांना सांगण्यात आले. पुढे हिशेब तपासनिसांनी वही पाहिली, ती सर्वांना उघडीच असते, तेव्हा मुख्य पाकिटे त्याच्या मृत्यूपूर्वी कित्येक महिने रिकामी होती असे आढळले. परवलीचा शब्द हरवला असे कोणी सांगितले, तर आधी वहीत शिल्लक आहे काय ते पाहावे.

आपल्या घरापुरते पाहू. बँकेत दहा वर्षे कोणी न विचारलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण वारस आला तर ती परत मिळते. असा पैसा शोधण्यासाठी २०२३ पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे. आभासी चलनाला वारसाची वाट पाहणारे कोणी नाही. कोषागाराच्या तिजोरीला दोन कुलपे आणि दोन किल्लेदार असतात, तशी सोय येथेही करता येते: तीन किल्ल्यांपैकी कोणत्याही दोन लागतील असे पाकीट बनते. आदी शमीर या गणितज्ञाने १९७९ साली दाखविलेल्या रीतीने एका गुपिताचे पाच भाग करून कोणत्याही तिघांवरून ते परत मिळविता येते. बारा शब्दांचा कागद मधोमध फाडून दोन भावांना देणे मात्र वेडेपणाचे. एक तुकडा गेला की दोन्ही गेले.

अहेरी किंवा भामरागडकडे घर असलेला आणि नोकरीसाठी पुण्यात राहणारा मुलगा असेल, तर त्याने एवढे करावे. शब्द शाईने नव्हे, स्टीलच्या पट्टीवर ठोकून घ्यावेत; भांड्यांवर नाव घालणारा ज्या हत्याराने घालतो त्याने घरीच ठोकता येतात, त्याला मात्र दाखवू नयेत. दोन पट्ट्या दोन गावी ठेवाव्यात. आणि एका निराळ्या चिठ्ठीत, शब्द न लिहिता, कोणते पाकीट, केव्हा घेतले, पट्टी कोठे आहे आणि विचारावयाचे झाल्यास कोणाला, हे मराठीत लिहून आईच्या स्वाधीन करावे. कारण घरातल्या कागदांची पेटी बहुधा तिच्याच हाती असते.